डार्केस्ट डंजनमधली मढी: एका अपडेटवरून झालेल्या भांडणाची केस

गेममध्ये शत्रू मेला की गायब होतो, ही इतकी सवयीची गोष्ट आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. २०१५ च्या जुलैमध्ये डार्केस्ट डंजनला एक अपडेट आलं आणि मेलेले शत्रू गायब व्हायचे थांबले, त्यांची मढी जागच्या जागी पडून राहायला लागली. झालं, एवढंच. पण त्यावरून असा राडा झाला की तोवर गेमचं कौतुक करणारी माणसं डेव्हलपरला शिव्या घालायला लागली. आणि गंमत म्हणजे सहा महिन्यांनी हीच मढी असलेला गेम समीक्षकांसमोर गेला तेव्हा त्यांना त्यात फारसं काही खटकलंच नाही. हे असं का झालं ते डोक्यात बरेच दिवस घोळतंय म्हणून केस म्हणून लिहून काढतोय. खेळाडूंची नावं कुठे नाहीत. माझा एक ठाण्याचा मित्र मध्येमध्ये येईल, त्याला नुसतं मित्र म्हणतो.

पार्श्वभूमी

गेम बनवणारा स्टुडिओ रेड हुक, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा. मुख्य माणसं दोन, ख्रिस बुरासा आणि टायलर सिगमन, एकाची चित्रं आणि दुसऱ्याचं डिझाइन. २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर, ७५,००० डॉलर मागितले आणि मिळाले ३,१३,३३७. ३ फेब्रुवारी २०१५ ला गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे काय तर अर्धा शिजलेला भात ताटात वाढायचा आणि जेवणाऱ्याने सांगायचं, मीठ कमी आहे का शितं कच्ची आहेत. ज्याला पूर्ण जेवण हवंय त्याने पंगतीला बसूच नये, असं पाटीवर लिहिलेलं असतं, पण पाटी वाचतो कोण.

गेमची जात रोगलाइक. रोगलाइक म्हणजे १९८० च्या रोग (Rogue) या गेमचा वंश. भुयार दर वेळी नवीन आणि मेलात तर मेलात. डार्केस्ट डंजन त्यात थोडा बाजूला पडतो कारण इथे तुम्ही एक हिरो नसता, तुमच्याकडे एक पडका वाडा आणि भाड्याने येणारी माणसं असतात, त्यातली चार उचलायची आणि भुयारात पाठवायची. ती मेली की कायमची गेली, सेव्ह मागे नेता येत नाही, गेम स्वतःच सारखा सेव्ह करत असतो. सुरुवातीलाच गेम एक पाटी दाखवतो की वाईट परिस्थितीतून जमेल तेवढं निभावणं हाच इथला खेळ आहे, माणसं मरतील आणि मेलेली परत येणार नाहीत. म्हणजे फसवलं असं कुणी म्हणूच शकत नाही. वर निवेदक वेन जूनचा तो खर्जातला आवाज, तुमचा माणूस मेला की वर दोन शब्द ऐकवणारा. तो आवाज ऐकायला म्हणून गेम चालू ठेवणारे लोक मी बघितलेत.

भांडण कळायला लढाईची मांडणी माहीत हवी. तुमचे चार एका ओळीत, समोर शत्रूचे चार एका ओळीत, प्रत्येकाला जागा १ ते ४. प्रत्येक हल्ला ठरावीक जागेवरूनच करता येतो आणि ठरावीक जागेवरच पोचतो. क्रुसेडर या तलवारवाल्या हिरोचा नेहमीचा घाव, स्माइट, समोरच्या पहिल्या दोन जागांपर्यंतच जातो, मागच्यांना हातही लागत नाही.

आता रुइन्स नावाच्या भुयारात शत्रूच्या रांगेत मागे उभा राहणारा तो हाडांचा दरबारी घ्या, बोन कोर्टिअर, हातात पेला घेतलेला. अंगाला फार लागेल असं काही करत नाही, पेल्यातलं काहीतरी तुमच्या माणसावर उडवतो आणि त्याचा स्ट्रेस वाढवतो. दिसायला किरकोळ, पण दोन-तीन वळणं जिवंत राहिला तर तुमची मागची व्हेस्टल, म्हणजे जी सगळ्यांना बरं करते ती, वेडी व्हायच्या काठावर. त्यामुळे पहिला तोच मारायला हवा आणि तोच हाताला येत नाही, हा सगळा पेच आहे.

जुलैच्या आधी या पेचावर उत्तर फार सोपं होतं. पुढचे दोन सांगाडे मारा, ते गायब होतात, रांग पुढे सरकते आणि दरबारी आपसूक तुमच्या तलवारीसमोर येऊन उभा राहतो. वर पुढे आला की पेला सोडून सुरी काढतो बिचारा. म्हणजे एक मारला की फायदा दोन.

अडचण

तर पाच महिने लोकांनी काय केलं? जे शहाणे खेळाडू करतात तेच, सोपं उत्तर शोधलं आणि घासून गुळगुळीत केलं. पुढून जोरात मारणारी माणसं घ्यायची, समोरचे पटापट पाडायचे, मागचे येतातच. मागे पोचणारे हल्ले, शत्रूला ओढणारे आणि ढकलणारे हल्ले, हे सगळं लिहिलेलं होतं, चित्रं काढलेली होती, पण वापरायची गरज कुणाला? डिझायनरच्या बाजूने बघा, ज्या मांडणीवर अख्खा गेम उभा केला ती मांडणी खेळणाऱ्याला शोभेची वाटतेय.

दुसरं भोक स्ट्रेसचं. शंभरला पोचला की माणसाची परीक्षा होते, बहुतेक वेळा तो बिथरतो, संशयी होतो, स्वार्थी होतो, कधी औषध नाकारतो, क्वचित उलटं होऊन उजळून निघतो. छान कल्पना आहे, गेमची ओळखच ती. पण एकदा बिथरला की पुढे मीटर भरत राहिला तरी आणखी काही फार बिघडत नव्हतं. तळ आधीच गाठलेला. मग अशा माणसाला लोक खुशाल शेवटपर्यंत पिळून घ्यायचे.

रेड हुकने दोन्ही भोकं एकाच अपडेटमध्ये बुजवली. नाव ठेवलं कॉर्प्स अँड हाउंड. मेलेला शत्रू आता मढं होऊन जागा अडवणार, त्याला फोडावं तरी लागेल नाहीतर ते कुजून जाईपर्यंत थांबावं लागेल. आणि स्ट्रेस दोनशेला गेला की हार्ट अ‍ॅटॅक, माणूस थेट मरणाच्या दारात, म्हणजे पुढचा घाव जीव घेऊ शकेल अशा अवस्थेत, आधीच दारात असेल तर खलास. सोबत गोड म्हणून हाउंडमास्टर हा नवा हिरो, कुत्र्यासकट. कुत्रा सगळ्यांना आवडला, त्यावरून एकही भांडण माझ्या पाहण्यात नाही.

मित्राचा तेव्हाचा सूर अजून आठवतो. त्याच्याकडे साठेक तासांचा सेव्ह होता, दोन क्रुसेडर, एक हेलियन (पुढून लढणारी दुसरी हिरो), नावं ठेवलेली, शाळेतल्या मास्तरांची. अपडेट नंतर पहिल्याच फेरीत पुढचे दोन सांगाडे पाडले आणि त्यांच्या हाडांच्या ढिगामागे दरबारी आरामात उभा, पेला उडवतोय. क्रुसेडर ढिगावर तलवार मारतोय, म्हणजे मेलेल्याला परत मारतोय, एक वळण वाया. पुढच्या वळणाला परत तेच. व्हेस्टल गेली, मग एक क्रुसेडर गेला, म्हणजे आमचे गणिताचे सर. मला म्हणाला, "अरे अवघड केलं म्हणून नाही चिडलोय मी, अवघड तर आधीपण होतं की. यांनी माझी अख्खी टीमच चुकीची ठरवली, आणि ती मी काल नाही, फेब्रुवारीपासून बांधलीये."

मला वाटतं सगळ्या केसचं मर्म या एका वाक्यात आहे, आणि बाहेरून बघणाऱ्यांनी तेच चुकीचं वाचलं. बाहेरून असं दिसलं की अवघड गेम खेळणारे लोक गेम अवघड झाला म्हणून रडतायत, आणि मग पलीकडच्या बाजूने जमत नसेल तर सोडून द्या वगैरे सुरू झालं. सोसायटीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे कळेल. भिंतीला थेट लागला तर आऊट हा नियम वाईट नाही, कित्येक ठिकाणी असतोच. पण तुम्ही चाळीसवर खेळत असताना कुणी येऊन म्हणालं की आजपासून भिंत आऊट, तर बॅट फेकून घरी जाल का नाही?

त्यात एक वेळेचा योग जुळून आला ज्याकडे फार कुणी बघत नाही. स्टीमने पैसे परत द्यायची सोय सुरू केली २ जून २०१५ ला, म्हणजे या अपडेटच्या जेमतेम महिनाभर आधी. पण अट काय, विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर. साठ तासवाल्याला त्याचा काय उपयोग. त्याच्या हातात एकच गोष्ट उरली, खाली वळलेला अंगठा, म्हणजे स्टीमवरचा वाईट रिव्ह्यू, आणि ज्यांनी आधी वर केला होता त्यांनीसुद्धा तो खाली वळवला. तेव्हा स्टीमवर अलीकडचे रिव्ह्यू वेगळे दाखवायची पद्धत पण नव्हती, ती २०१६ च्या मे मध्ये आली, आणि कधी किती अंगठे पडले ते दाखवणारा आलेख तर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे नवीन माणसाला दुकानाच्या पानावर चिडलेले रिव्ह्यू दिसायचे पण हे एका आठवड्याचं वादळ आहे का गेमच मुळात टुकार आहे हे कळायला मार्ग नव्हता.

समोरचे पर्याय

बाहेरून बघताना चार वाटा दिसतात.

पहिली, माफी मागून दोन्ही गोष्टी काढून टाकायच्या. आवाज लगेच थांबला असता. पण मग ती भोकं तशीच, आणि ज्यांना मढी आवडली होती, असे लोक होते बरं का आणि कमी नव्हते, फक्त ते ओरडत नव्हते कारण ते खेळत होते, त्यांचं काय? शिवाय एकदा ओरडल्यावर मिळतं असं कळलं की पुढच्या प्रत्येक बदलाला ओरडा ठरलेला.

दुसरी, ठाम राहायचं. गेम आमचा, पाटी लावलेली आहे, अर्ली अ‍ॅक्सेस आहे. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण छोट्या स्टुडिओला महिना महिना शिव्या खात काम करणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून समजत नाही, आणि पूर्ण रिलीज अजून सहा महिने लांब.

तिसरी, आकडे बदलत राहायचं. मढ्याचा जीव कमी करा, लवकर कुजवा, काही हल्ल्यांना मढी साफ करायची ताकद द्या. हे करायलाच हवं होतं आणि त्यांनी केलंही, शेवटच्या आवृत्तीत क्रिटिकल, म्हणजे नशिबाने जास्त जोरात बसलेल्या, घावाने किंवा रक्तस्रावाने, विषाने मेलेला शत्रू मढं सोडत नाही, ऑकल्टिस्ट या हिरोचा शत्रूला ओढून आणणारा हल्ला मढी साफ करतो. पण हे हळू काम आहे. आग आज लागलेली असते आणि विहीर खणायला दोन महिने.

चौथी वाट, सेटिंगमध्ये बटण द्यायचं. ज्याला मढी नकोत त्याने बंद करावीत.

चौथी वाट ऐकायला सगळ्यात सोपी वाटते, पण डिझायनरला ती सगळ्यात जास्त टोचते. कारण मग एक गेम राहत नाही, दोन होतात. कुठली लढाई किती अवघड हे मोजताना आता विचारावं लागतं की मढ्यांसकट का मढ्यांशिवाय. आणि आत कुठेतरी कबुली दिल्यासारखं होतं की आपल्यालाच खात्री नाही.

काय केलं

बटण दिलं. मढी आणि हार्ट अ‍ॅटॅक दोन्ही बंद करता येतील अशी सोय थोड्याच दिवसांत आली, पण मूळ अवस्थेत दोन्ही चालू. यातला दुसरा अर्धा भाग माझ्या मते खरा निर्णय होता. बटण आहे पण ते शोधून जाऊन बंद करावं लागतं, म्हणजे गेम काय आहे हे अजूनही डेव्हलपरच सांगतोय, फक्त तुम्हाला नको असेल तर दार उघडं आहे. हेच उलटं केलं असतं, मढी बंद आणि हवी तर चालू करा, तर नव्वद टक्के लोकांनी ती कधी बघितलीच नसती. आकडा अंदाजाने लिहिलाय, पण स्वतः किती गेमच्या सेटिंगमध्ये शेवटपर्यंत जाता ते आठवून बघा.

लगेच शांतता झाली असं नाही. आता दुसरी फळी चिडली, की तुम्ही झुकलात, अवघड गेम अवघड ठेवायची हिंमत नाही. हे मला आजही कळत नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मढी आहेत का नाहीत याने तुमच्या मढ्यांना काय फरक पडतो? सिंगल प्लेअर गेम आहे, इथे कुणाचा रँक नाही. पण माणसं हौसेने दुःख शोधतात, त्याला कोण काय करणार.

सिगमनने पुढे २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या गेमचं पोस्टमॉर्टेम मांडलं, हा शब्द इथे जरा जास्तच चपखल बसतो, आणि त्यात हे प्रकरण झाकून न ठेवता घेतलं. ज्यांच्यावर चिखल उडाला त्यांनीच तो धुवून टेबलावर ठेवला, हे मला आवडलं.

पुढे काय झालं

१९ जानेवारी २०१६ ला पूर्ण गेम आला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर पीसी आवृत्तीची सरासरी शंभरपैकी ८४ झाली, जी अशा कडू गेमसाठी उत्तम म्हणावी अशी आहे. समीक्षकांनी मांडणीचं कौतुक केलं, कोण कुठे उभं आहे याला इथे किती किंमत आहे याचं कौतुक केलं. ही किंमत आली कुठून? मढ्यांमुळेच. म्हणजे ज्या गोष्टीवरून जुलैमध्ये गेमला झोडपलं तिचंच गुणगान जानेवारीत.

यात समीक्षक हुशार आणि खेळाडू मूर्ख असं काही नाही, उलटंही नाही. समीक्षकाने गेम उघडला तेव्हा मढी तिथे होतीच. त्याच्यासाठी ती बुद्धिबळातल्या प्याद्यासारखी, प्यादं मागे का जात नाही म्हणून कुणी भांडतं का? नियम पहिल्या दिवसापासून असला की तो खेळ वाटतो, मधून आला की दंड वाटतो. मी स्वतः २०१६ मध्ये घेतला गेम आणि मला कित्येक दिवस माहीतच नव्हतं की मढी नंतर आलीत. मित्राने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मढ्यांशिवाय खेळायचात काय तुम्ही, त्यात काय मजा. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय बदलावा लागला.

पण समीक्षकांच्या स्तुतीत एक तक्रार परत परत दिसत होती आणि ती मढ्यांची नव्हती, ती होती दळण दळायची. शेवटाकडे गेम फार लांबतो. वरच्या पातळीवर गेलेला हिरो सोप्या मोहिमेवर जायला नकार देतो, त्यामुळे खालून परत परत नवीन माणसं तयार करावी लागतात. त्यात शेवटच्या भुयारात चार मोहिमा, आणि एक पार पाडून आलेला हिरो परत तिथे पाऊल ठेवत नाही, म्हणजे चार गुणिले चार, सोळा तयार माणसं पाहिजेत, तीही कुणी मेलं नाही तर. मेली की परत दळायला बसा. या तक्रारीवर खरं औषध आलं २०१७ मध्ये, रेडियंट नावाचा मोड, ज्यात हे दळण कमी केलं.

मला इथेच खरी चुटपुट लागते. अख्खा जुलै मढ्यांच्या आरडाओरड्यात गेला. मढी हा प्रश्न बटणाने सुटण्यासारखा होता. दळण हा प्रश्न गेमच्या हाडात होता, त्याला वेळ हवा होता, आणि त्याबद्दल मोठ्याने ओरडणारं तेव्हा कुणी नव्हतं कारण अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये गेमचा तो शेवट उघडलेलाच नव्हता. जो भात ताटात आलाच नाही त्याचं मीठ कोण सांगणार.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर दोन औषधं एकाच पुडीत द्यायला नको होती. मढ्यांनी लढाई लांबते, लढाई लांबली की स्ट्रेस वाढतो, आणि त्याच दिवशी स्ट्रेसला नवीन शिक्षा पण लावलेली. खेळाडूला कळतच नाही की आपण कशाने मेलो. मित्राच्या व्हेस्टलला मढ्याने मारलं का हार्ट अ‍ॅटॅकने, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नाही. आधी मढी, महिन्याभराने दुसरं, असं केलं असतं तर शिव्या कदाचित तेवढ्याच पडल्या असत्या पण निदान कशाला पडतायत ते कळलं असतं.

दुसरं, वेगळी चाचणी शाखा. स्टीमवर ज्याला हवं त्याला आधी खेळून बघता येईल अशी वेगळी आवृत्ती ठेवता येते, मुख्य गेमला हात न लावता. स्वतःहून चाचणीला आलेला माणूस गिनिपिग असल्याचं मान्य करूनच आलेला असतो. रागाने भरलेले रिव्ह्यू मुख्य पानावर पडायच्या आधी मढ्यांचे आकडे दोन-चारदा घासून झाले असते.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, जुने सेव्ह. चालू सेव्हवर मढी आपोआप बंद आणि नवीन सुरू केलेल्या खेळावर आपोआप चालू, एवढं पहिल्या दिवशी केलं असतं तरी निम्मा राग उठलाच नसता असा माझा अंदाज आहे. गणिताचे सर वाचले असते. बटण नंतर द्यावंच लागलं ना, मग तेच आधी दिलं असतं तर ती सोय म्हणून आली असती, आरडाओरड्यापुढे घेतलेली माघार म्हणून नाही. अर्थात हे आज चहा पीत लिहिणं सोपं आहे. पाच-सहा डोक्यांच्या स्टुडिओत एखादा बदल आपल्याला इतका उघड बरोबर वाटत असतो की तो कुणाला लागेल हे सुचतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणीही हे एकदा तरी केलेलं असतं, मी केलंय, युजरच्या रोजच्या स्क्रीनवरचं एक बटण डावीकडून उजवीकडे नेलं होतं फक्त, दोन दिवस फोन थांबत नव्हते.

खेळाडूंच्या बाजूने पण एक गोष्ट राहतेच. नियम का बदलला हे वाचायच्या आधी अंगठा खाली गेला. पुढचे दोन पाडा आणि बघत बसा हे उत्तर पाच महिने चाललं म्हणून ते योग्य उत्तर होतं असं नाही, ते फक्त अजून कुणी बंद न केलेलं दार होतं. हे मी मित्राला सांगून बघितलं. त्याचं म्हणणं, दार बंद करायचं तर करा ना, पण मी दारात उभा असताना कशाला.

गेम आज स्टीमवर व्हेरी पॉझिटिव्ह दाखवतो, जुलै २०१५ चे अंगठे त्या ढिगात कुठेतरी खाली गेलेत. मित्राने नंतर नवीन वाडा सुरू केला, अजूनही कधीमधी उघडतो. सेटिंगमध्ये मढी बंदच आहेत. हाउंडमास्टर मात्र पहिल्या फळीत, सहाव्या पातळीला नेऊन ठेवलाय, आणि त्याला ठेवलंय गणिताच्या सरांचं नाव.